मॅनेजरची वही

आमच्या गेटवरच्या कुत्र्याचं नाव मॅनेजर.
ऑफिसच्या दारात दिवसभर पसरतो, कुणाचं काही काम करत नाही,
म्हणून.

मिठागर रोडवर इतका शांत जीव दुसरा नव्हता.
मांजरं त्याच्या अंगावरून चालत जायची.
आणि वैशाखात याच मॅनेजरने
कुरियरवाल्या पोराची पँट फाडली,
पोटरीवर चार दात.

मीटिंग झाली. टिपणीस म्हणाले, पालिकेची गाडी बोलवा.
छेडाकाकू रडल्या.
मी सेक्रेटरी. त्याआधी एकतीस वर्षं शाळेत रसायन शिकवलेलं,
म्हणून म्हटलं, थांबा, आधी काय बदललंय ते पाहू.
मला एक महिना द्या
आणि एक वही.

सकाळी साडेसहा. २०१. ग्लुकोज बिस्किटं, अख्खा पुडा.
सात. दूधवाला. बिस्किटं.
दहा. परेरांकडचा शिळा केक, आयसिंगसकट.
रविवारी फाफडा, जिलेबी, वर तळलेली मिरची.
दुपारी वेफर्स. (युग, इयत्ता चौथी: "मी दिले नाहीत. सांडले.")
रात्री नऊनंतर काही नाही.
रात्री नऊनंतर सकाळी साडेसहापर्यंत
काही नाही.

समोरच्या रकान्यात त्याचं वागणं.
अकराला स्कूटरच्या चाकामागे धावला.
साडेबाराला शेपटी चावत बसला, रक्त येईस्तोवर.
चारला सावलीवर भुंकला. स्वतःच्याच.
रात्री दोनला मी गॅलरीतून पाहिलं,
गेटपासून पंपरूमपर्यंत, पंपरूमपासून गेटपर्यंत,
जशी काही कुणी त्याला ड्युटी लावली होती.

चेकनाक्याजवळच्या डॉक्टर मिस्त्री
वही चष्म्याशी धरून वाचत राहिल्या.
मग म्हणाल्या, साखर चढली की हा उधळतो, उतरली की चिडतो.
पोट बिघडतं, कातडी खाजते, झोप लागत नाही.
तुम्हाला तीन रात्री झोप नाही मिळाली, तर काय कराल?
चावेन, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत.
पण नुसतं खाणंच असेल असं नाही हां, बाई.
आधी रात्री काय खायचा?

तेव्हा भैरू आठवला.
रात्रपाळीचा भैरू नाईक, चंदगडचा.
त्याचा डबा दोनला उघडायचा.
नाचणीची भाकरी, उकडलेली अंडी. अंडी दोन.
दुसरं कुणाचं, आम्ही कधी विचारलं नाही.
फेब्रुवारीत एजन्सी बदलली. बदलली म्हणजे आम्हीच बदलली,
ठरावावर माझी सही आहे,
महिन्याला अठराशे रुपये वाचतात.
नव्या मुलाला कुत्र्यांची भीती.
तो केबिनला आतून कडी लावून बसतो.

आता बिस्किटांना बंदी. नोटीस लावली आहे.
(छेडाकाकू जिन्यात देतात. "वहीत लिहू नका हं.")
मी दोन वेळा भात, कोंबडी, लाल भोपळा शिजवते, बिनमिठाचा,
रात्रीसाठी अंडं उकडते.
तिसऱ्या आठवड्यात शेपटीवर लव आली.
काल एक मांजर त्याच्या पाठीवर चढून बसलं होतं.
टिपणीसही म्हणाले, सुधारला.

पण दोन वाजता तो अजून उठतो.
केबिनच्या दारासमोर जाऊन बसतो.
मी ठेवलेलं अंडं खातो, मी वळल्यावर.
मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले,
एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर प्रयोग फुकट.
आम्ही दोन बदलल्या होत्या,
अंडं आणि माणूस.

काल रात्री खुर्ची घेऊन खाली गेले.
डब्यात दोन अंडी. माझ्यासाठी कागदाच्या पुडीत मीठ.
मॅनेजर लांबून आला, वास घेतला,
खुर्चीच्या पायाशी बसला आणि वर बघत राहिला.
तेवढ्यात मागे कडी वाजली.
नवा मुलगा अर्धा बाहेर, अर्धा आत.
बाई, याचं नाव काय?
मॅनेजर, मी म्हटलं.
तो हसला.
तिसरं अंडं मी आणलं नव्हतं.